पाचपदरी कंठ्याची कुंडली

१

मोत्यांच्या पारख्याने कंठ्यातला एक मोती पुढच्या दातावर हलकेच घासला. खरा मोती दाताला रवाळ लागतो, खोटा नुसता घसरतो. त्याने दुसरा घासला, तिसरा घासला, मग रुमालाने दात पुसले आणि धाकट्या सरकारांकडे न बघता तो म्हणाला, "काच आहे. उत्तम काच आहे. पण काच."

मोठ्या राणीसाहेबांचा पाचपदरी कंठा म्हणजे त्या घराण्याची उरलीसुरली अब्रू. राज्य केव्हाच गेलं होतं. राजवाड्याचं संग्रहालय झालं होतं, पण लोक तिकीट काढून रांग लावायचे ते या कंठ्यासाठी. आता तो समुद्रापलीकडच्या मोठ्या प्रदर्शनाला जायचा होता, म्हणून तर पारखी बोलावला. आणि कळलं काय, तर इतकी वर्षं लोक काचेच्या पेटीतून काचच बघून धन्य होत होते.

संध्याकाळपर्यंत चोर सापडलाही. शोधावा लागला नाही, नुसता ठरवावा लागला. राणीसाहेबांची खास बाई, जिला सगळा राजवाडा मावशी म्हणायचा, तिच्याच हातून कंठा उठायचा नि तिच्याच हातून ठेवला जायचा. शिवाय म्हातारी, गरीब आणि फटकळ. चोर व्हायला याहून जास्त पात्रता ती काय लागते?

शुक्रवारी तिच्या खोलीची झडती झाली. सापडलं काहीच नाही. "विकून मोकळी झाली असणार," धाकटे सरकार म्हणाले. सोमवारी पोलिसांत तक्रार द्यायची आणि त्याच दिवशी मावशीला खोलीबाहेर काढायचं, असं ठरलं. तक्रारीला वजन यावं म्हणून शनिवारी सकाळी कुंडलीबाईंना बोलावणं गेलं.

कुंडलीबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. राजेरजवाड्यांचे जुने दागिने कुठे जन्मले, कुठल्या घरी गेले, कितीदा मोडले, कुणी कुणापासून लपवले आणि आता कुणाच्या तिजोरीत तोंड लपवून बसलेत, हे शोधून काढणं हा त्यांचा धंदा. माणसांचेही त्या असेच हिशेब मांडत. समोरचा बोलायला लागला की मनातल्या मनात दोन रकाने आखायचे, एकात तो काय सांगतो ते, दुसऱ्यात काय सांगायचं टाळतो ते. दुसरा रकाना भरला की यांना भूक लागायची.

"कंठ्याचा सगळा इतिहास लिहून द्या," धाकटे सरकार म्हणाले. पन्नाशी उलटली तरी ते धाकटेच होते. काही माणसांचं तसंच असतं. "कुणी घडवला, कुणी घातला. आणि शेवटी, राणीसाहेबांच्या पश्चात तो मावशीने लांबवला, एवढं लिहून खाली सही."

"शेवट तुम्हाला आधीच माहीत आहे म्हणायचा."

"तो काय, उघडच आहे."

"मला आधी शेवट सांगितलेली गोष्ट वाचवत नाही हो सरकार," कुंडलीबाई म्हणाल्या. "लिहवणार कशी?"

धाकटे सरकार हसले, पण नुसत्या ओठांनी. "बाई, दागिन्यांची घराणी मोजकी आहेत. एका घराण्याने दार लावलं की बाकीची खिडक्याही लावून घेतात. एवढं लक्षात ठेवून लिहा."

"ठेवते," बाई म्हणाल्या, आणि पहिल्याच माणसाचा दुसरा रकाना भरायला लागला.

२

मावशीची खोली धुलाईघराच्या मागे होती. झडतीवाल्यांनी गादी उसवून कापूस बाहेर काढला होता. मावशी जमिनीवर बसून तो पुन्हा आत कोंबत होती आणि दाभणाने गादी शिवत होती.

"कोण? झडतीवाल्या?"

"नाही. विचारपूस करायला आलेय."

"मग बसा. झडतीवाले उभेच राहतात."

कुंडलीबाई कापसात बसल्या. म्हातारी दाभण थांबवायला तयार नव्हती, पण जीभ थांबवायलाही तयार नव्हती.

"मोती कपाटात ठेवले की मरतात. माहितीय?"

"माहितीय. सुकतात, तडकतात. अंगाची ऊब लागते त्यांना."

"शाण्या आहात. राणीसाहेबांची मान धरायला लागली नि त्यांना कंठा सोसेना. मग मला बोलावून म्हणाल्या, आजपासून तू घालायचा. अंगाला लागून, आतून, कुणाला न दाखवता. जिवंत ठेवायचा." मावशीने दोरा दातांनी तोडला. "मी गुडघ्यावर बसून जिना पुसायचे नि आत गळ्यात राज्य लटकायचं. धाकटे सरकार वरून बुटांनी चालत जायचे. मला असलं हसू यायचं!"

तिने कॉलर बाजूला ओढली. डाव्या खांद्याच्या हाडाखाली कातडीला एक खळगा पडला होता, फिकट, जुना, फुलाच्या आकाराचा.

"पाचपदरी कंठ्याचे पदर एका बाजूला पाचूच्या फुलात गोळा होतात. त्याची मागची कड टोचते. आता मिटत आलाय. पूर्वी लालेलाल असायचा."

"राणीसाहेब गेल्यावर कंठा पेटीत ठेवलात?"

मावशीने दाभणात नवा दोरा ओवून घेतला. मग म्हणाली, "संग्रहालयाच्या साहेबांनी सही करून लिहिलंय ना, कंठा पेटीत मिळाला म्हणून? मग? त्यांची सही मोठी की मी?"

बाईंचा दुसरा रकाना इथेही भरला. एवढ्यात दार ढकलून चाळिशीची एक बाई डबा घेऊन आत आली. ही मावशीची सून. मुलगा बोटीवर, सून संग्रहालयाच्या तिकीटखिडकीत. उकाड्यात जीव नकोसा झालेला, तरी गळ्याभोवती हनुवटीपर्यंत स्कार्फ. सासू-सुनेचं बोलणं बंद होतं, हे पहिल्याच वाक्याला कळलं.

"सांगा त्यांना," सून कुंडलीबाईंना म्हणाली, "गोळी घ्यायची राहिलीय."

"सांगा तिला," मावशी म्हणाली, "मला डोळे आहेत."

"डोळे आहेत, पण गोळी अजून पाकिटातच आहे, हेही सांगा."

"सांगा की तिकीटखिडकी उघडायची वेळ झाली. लोक ताटकळलेत काच बघायला."

सुनेने डबा ठेवला. पर्सचा पट्टा डाव्या खांद्यावर टाकता टाकता तिने तोंड कसंनुसं केलं, पट्टा उजवीकडे घेतला आणि ती निघून गेली.

कुंडलीबाई तिथून थेट दालनात गेल्या. काचेच्या पेटीत काळ्या मखमलीच्या धडावर तो खोटा कंठा दिमाखात बसला होता. त्यांनी एकदा पाहिलं, मग स्वतःच्या खांद्याला हात लावून पुन्हा पाहिलं.

पाचूचं फूल उजव्या खांद्यावर होतं.

३

"उजवीकडेच असतं ते," संग्रहालयाचे प्रमुख म्हणाले. सडपातळ, नीटनेटके, बोलताना चष्मा काढून पुसणारे. राणीसाहेबांच्या पश्चात त्यांची नेमणूक झाली होती, त्यामुळे राणीसाहेबांना त्यांनी पाहिलं ते भिंतीवरच. "या, दाखवतो."

चित्र पुरुषभर उंच होतं. राणीसाहेब खुर्चीत ताठ बसलेल्या, पाठीमागे डाव्या हाताला उंच खिडकी, गळ्यात पाचपदरी कंठा. आणि हिरवं फूल उजव्या खांद्यावर, अगदी ठसठशीत.

"फोटो?"

"एकही नाही. त्यांना कॅमेऱ्याचा तिटकारा होता. हे चित्र म्हणजे एकमेव पुरावा." चष्मा पुसून झाला. "मावशी डावीकडे म्हणतात का? बाई, त्यांचं वय झालं. आणि खरं सांगू? ज्याने विकला त्याला बाजू कशाला आठवेल?"

"तोंड विसरतं हो. कातडी विसरत नाही."

"म्हणजे?"

"काही नाही. कंठा उलटा करून घालता येतो का?"

"छे! फुलाला पुढून मीना, मागून कोरा पत्रा. वरचा पदर आखूड, खाली लांब होत जाणारे. उलटा केला तर हास्यास्पद दिसेल."

"म्हणजे उजवा तो उजवा नि डावा तो डावाच."

"अर्थात!"

एवढ्या ठामपणे माणूस स्वतःच्याच पायाखालची फळी क्वचितच कापतो, पण ते बाईंना अजून कळायचं होतं. तूर्त त्यांच्यापुढे दोन साक्षीदार उभे होते, एक तैलचित्र नि एक म्हातारी, आणि दोघांपैकी एक जण बेधडक खोटं बोलत होता.

४

धाकट्या सरकारांची थोरली बहीण, ताईसाहेब, गावाबाहेर रोपवाटिका चालवायच्या. आजी, म्हणजे मोठ्या राणीसाहेब, गेल्यापासून त्यांनी राजवाड्याचा उंबरा ओलांडला नव्हता. कोपरापर्यंत माती, डोक्याला टोपी, आणि समोरच्या पाहुण्यापेक्षा कुंडीतल्या रोपाकडे जास्त लक्ष.

"काय म्हणतोय आमचा धाकटा? मी चोरला?"

"अजून तुमची पाळी आली नाही. सध्या मावशीवर भागतंय."

ताईसाहेबांनी खुरपं आपटलं. "मावशीवर? त्याला सांगा, त्यापेक्षा मला चोर म्हण. निदान मी उलटून चार शिव्या तरी देईन."

"मावशीही काही कमी देत नाहीत."

ताईसाहेब हसल्या आणि मग बोलत्या झाल्या. "कंठा मला हवा होता, हे खरं. आजीने माझ्या गळ्यात घालूनही पाहिला. कुणाचं अंग मोत्यांना मानवतं, कुणाचं नाही. माझा घाम आंबट! थोड्याच दिवसांत मोत्यांवर राखेसारखी कळा आली. आजी म्हणाली, काढ, तू मारशील त्यांना. मी रुसले, भांडले, लग्न करून निघून गेले. आजीने तोवर घरातल्या किती बायकांच्या गळ्यावर हात फिरवून पाहिला असेल! शेवटी मावशीचं अंग मानवलं."

"फूल कुठल्या खांद्यावर यायचं?"

"डाव्या. रात्री डाव्या कुशीवर वळलं की टोचून जाग यायची."

"मग चित्रात उजवीकडे कसं?"

ताईसाहेबांनी कुंडी बाजूला सरकवली. मग टोपी मागे सरकवून खो खो हसत सुटल्या. "अहो, आरसा! चित्रकार टक लावून बघतो म्हणून आजी चिडली. म्हणाली, माझ्यासमोर बसायचं नाही. त्याला शेजारच्या खोलीत बसवला. दारात हा थोरला आरसा उभा केला आणि सांगितलं, काय बघायचं ते आरशात बघ. मी लहान होते. आरशाला बोटं लावून ठसे उमटवले म्हणून थोबाडीत खाल्लीय मी!"

कुंडलीबाई परत आल्या त्या कुणाशी न बोलता राणीसाहेबांच्या बसायच्या खोलीत गेल्या. खुर्ची अजून तिथेच होती. खुर्चीत बसल्यावर उंच खिडकी मागे उजव्या हाताला येत होती. चित्रात ती राणीसाहेबांच्या डाव्या हाताला होती.

चित्रकाराने राणी रंगवलीच नव्हती. त्याने राणीचं प्रतिबिंब रंगवलं होतं. आणि ज्या कुणी काचेचा कंठा घडवून घेतला, त्याने त्या प्रतिबिंबाची नक्कल केली होती.

५

रविवारी संग्रहालय बंद होतं. कुंडलीबाईंनी एका रुंद फितीला कोटाचं मोठं बटण टाचलं आणि आधी धाकट्या सरकारांची खोली गाठली.

"हे फूल समजा, ही फीत म्हणजे कंठा. राणीसाहेब कसा घालायच्या, दाखवा बघू."

"हा काय पोरखेळ?"

"इतिहास आहे. इतिहास म्हणजे मोठ्यांचा पोरखेळच असतो."

धाकट्या सरकारांनी वैतागून फीत गळ्यात टाकली आणि बटण सहज डाव्या खांद्यावर ओढलं. मग हात तसाच तिथे राहिला. "आजी मला उचलून घ्यायची," ते वेगळ्याच आवाजात म्हणाले. "मी तिच्या खांद्यावर गाल टेकायचो. पाकळी गालाला लागायची."

"मग रोज काचेत उजवीकडे दिसतं, ते खटकलं नाही?"

"आपल्याच घरातलं कोण निरखून बघतं?"

हे वाक्य बाईंनी पहिल्या रकान्यात लिहिलं. माणूस अगदीच वाया गेलेला नव्हता.

मग त्यांनी प्रमुखांना तिथेच बोलावून घेतलं. प्रमुखांनी फीत गळ्यात घालून बटण उजवीकडे लावलं, कडेच्या सुरकुत्याही सारख्या केल्या. "चित्रात आहे तसं," ते म्हणाले.

"अगदी चित्रात आहे तसं," कुंडलीबाई म्हणाल्या. "साहेब, खरा कंठा डावीकडे बसायचा. सरकारांच्या गालाला ठाऊक आहे, ताईसाहेबांच्या झोपेला ठाऊक आहे, मावशीच्या कातडीवर कोरलेलं आहे. या तिघांपैकी कुणी खोटा कंठा करून घेतला असता, तर फूल डावीकडे आलं असतं. उजवीकडे लावणारा माणूस एकच, ज्याने राणीसाहेबांना भिंतीवरच पाहिलं आणि त्या आरशातल्या आहेत हे ज्याला कुणी सांगितलं नाही."

प्रमुखांनी चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही.

"चोर!" धाकटे सरकार उठून उभे राहिले.

"बसा सरकार. चोर नाहीत ते."

आता दोघेही बाईंकडे बघायला लागले.

"ज्याच्या हातात खरा कंठा आहे, तो नक्कल करताना खऱ्याकडे बघेल की चित्राकडे? खरा समोर असता तर कारागिराने फूल बरोबर जागी लावलं असतं. ज्याने खोटा करून घेतला, त्याने खरा कधी हातात धरलेलाच नाही. हो ना साहेब?"

प्रमुखांनी गळ्यातली फीत काढून ठेवली. "नेमणूक झाली तेव्हा सगळ्या पेट्या मोहोरबंद होत्या. मोठ्या घरचा कारभार, अविश्वास दाखवला असं नको वाटायला, म्हणून न उघडताच मिळाल्याची सही केली. मग मांडणी करायला कंठ्याची पेटी उघडली आणि…" त्यांनी रिकामे हात पुढे केले. "आत नुसती मखमल. सही माझी! मी काय सांगणार होतो? दूरच्या शहरात नाटकाचे दागिने घडवणारा एक कारागीर गाठला. चित्राचं रेखाटन दिलं. पारख्याने दात लावले त्या दिवशी मला वाटलं, मेलो. मग तुम्ही मावशीचं नाव घेतलंत, सरकार, आणि मी… मान डोलावली."

"स्वतःची सही वाचवायला म्हातारीचं घर घालवलंत," कुंडलीबाई म्हणाल्या. "हिशेब काही बरा नाही."

पण धाकटे सरकार भलत्याच गोष्टीने उजळले होते. "म्हणजे पेटी आधीच रिकामी होती! हे यायच्या आधी, आजी गेल्यावर. तेव्हा कंठ्याला हात लावणारं माणूस कोण? मावशी! बाई, तुम्ही फिरून फिरून माझ्याच दारात आलात."

खरंच आल्या होत्या. ज्या तर्काने मावशीवरचा खोट्या कंठ्याचा आळ पुसला, त्याच तर्काने खऱ्याचा पक्का केला होता.

६

त्या दुपारी कुंडलीबाई बंद तिकीटखिडकीसमोरच्या बाकावर बसून राहिल्या. हार त्यांना मान्य नव्हती. जमाखर्च जुळत नसेल तर आकडा खोटा नसतो, एखादा लिहायचा राहिलेला असतो.

मावशीने कंठा विकला असता तर? पाच पदर खरे मोती आणि पाचूचं फूल बाजारात आलं असतं, तर त्यांना स्वतःला कुणकुण लागली असती; त्यांच्या धंद्यात एवढा दागिना शिंकला तरी चार शहरांत ऐकू जातं. बाजारात आला नाही, म्हणजे मोडला नाही. लपवला? ज्या बाईला मोती जिवंत ठेवायला शिकवलं, ती तो भिंतीत चिणून मारणार नाही. म्हणजे तो कुणाच्या तरी अंगावर आहे. मावशीच्या? तिच्या गळ्याचा खळगा तर फिकट, मिटत आलेला. म्हातारीचं अंग आटलं, ऊब गेली. तिनेही राणीसाहेबांनी केलं तेच केलं असणार. एक गळा शोधला असणार.

आणि उकाड्यात हनुवटीपर्यंत स्कार्फ! आणि डाव्या खांद्यावर पट्टा टेकताच वाकडं झालेलं तोंड! काखेत कळसा नि गावाला वळसा. खोटा कंठा बघायची तिकिटं विकणारीच्या गळ्यात…

शिलकीची चिल्लर मोजायला म्हणून सून खिडकीत आलीच होती. कुंडलीबाई उठून तिथे गेल्या.

"डावीकडचा खळगा लाल झालाय का हो? थोडं तेल लावत जा."

सुनेचा हात स्कार्फकडे गेला नि तिथेच थबकला. ती घाबरली नाही. थेट बघत म्हणाली, "सासूबाईंना विचारा. आमच्यात बोलणं बंद आहे."

"लोकांना दाखवायला?"

"नाही, खरंच बंद आहे. हा गळ्यात घातला त्या दिवसापासून. मी म्हटलं, परत करा नि सुटा. त्या म्हणाल्या, वेळ आल्यावर. ती वेळ काही येईना."

मावशीची गादी शिवून झाली होती. ती तिच्यावर बसली होती, एखाद्या गादीनशिनासारखी. कुंडलीबाईंनी दारातूनच विचारलं, "मावशी, राणीसाहेबांचा कंठा द्याल का?"

म्हातारीने त्यांना गादीवर जागा करून दिली.

"तुम्ही पहिल्या," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत तुम्ही पहिल्या. राणीसाहेबांनी जाताना माझा हात धरून सांगितलं होतं, माझ्या माणसांपैकी जो मागायला येईल त्याला दे. जो झडती घ्यायला येईल त्याला देऊ नकोस. मी वाट बघत बसले. आला का कुणी? आले ते साहेब, त्यांनी लिहून टाकलं की कंठा पेटीत आहे. बरं, आहे तर आहे! मी त्यांच्या सहीला खोटी म्हटलं असतं, तर मग चोर कोण ठरलं असतं? आणि परवा आले ते दाभणाने शिवलेली गादी फाडत आले. विचारलं नाही हो कुणी. साधं विचारलं नाही."

"उद्या पोलीस येतील. आजच सरकारांना नेऊन दिलात तर खोली वाचेल."

"मी नेऊन देऊ? म्हणजे चोरीचा माल परत केला म्हणतील." मावशीने हनुवटी वर केली. "खोली गेली तरी चालेल. चोर म्हणून मी एक पाऊल उचलणार नाही. ज्याला हवाय त्याने यावं नि मागावं."

"आणि नाही मागितला तर?"

"तर तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

७

सोमवारी चित्राच्या दालनात सगळे जमले. इन्स्पेक्टर कागद उघडून टेबलाशी बसला. प्रमुख कोपऱ्यात आक्रसून उभे. ताईसाहेब आल्या, बुटांची माती मुद्दाम न झटकता. मावशी सुनेच्या आधाराने आली, पण उंबऱ्यात आधार सोडून एकटी आत शिरली.

कुंडलीबाईंनी इतिहास वाचला. आरसा, फूल, खोटी नक्कल, रिकामी पेटी, सगळं. शेवटचं पान त्यांनी टेबलावर ठेवलं. त्यावर एकच ओळ होती: 'कंठा कुठे आहे, हे घरच्या माणसाने मावशीला आजवर विचारलेलं नाही.'

"हा काय अहवाल आहे?" धाकटे सरकार कडाडले. "मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"खिडक्या लावून घेतील म्हणाला होतात. घेऊ देत. पुढचा इतिहास माझ्या हातात नाही, तुमच्या तोंडात आहे."

ताईसाहेब हळूच म्हणाल्या, "विचार ना रे धाकट्या. जीभ झिजते का?"

धाकट्या सरकारांनी इन्स्पेक्टरकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. मग बळंच ओढून काढल्यासारखं ते म्हणाले, "मावशी… आजीचा कंठा कुठे आहे? मला… मिळेल का?"

मावशीने मागे न वळता बोट हलवलं. सुनेने स्कार्फ सोडला, कॉलरमध्ये हात घातला आणि पदरामागून पदर बाहेर काढला.

कोपऱ्यातून प्रमुखांचा उद्गार ऐकू आला. पेटीतली काच त्या उजेडात पांढरी दिसत होती. हे मोती पांढरे नव्हतेच. त्यांच्यात आतून कुणीतरी दिवा धरल्यासारखी साय होती, आणि ते अजून गरम होते. फूल डाव्या खांद्यावर होतं.

धाकट्या सरकारांनी हात पुढे केला.

"हातावर नाही देत," मावशी म्हणाली. "हा गळ्यातून गळ्यात जातो. मान खाली करा."

"मी?"

"मागितला कुणी?"

ताईसाहेबांनी तोंडावर हात दाबला. जिना पुसणाऱ्या ज्या बाईसाठी धाकटे सरकार कधी बाजूला झाले नव्हते, तिच्यासमोर ते वाकले. म्हातारीने सावकाश, कसलीही घाई न करता, पाचही पदर त्यांच्या टायवर नीट बसवले आणि फूल जागेवर आणलं.

ते सरळ झाले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं की राग, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नसावं. घसा खाकरून ते मोठेपणाने म्हणाले, "चला. कंठा मिळाला, गैरसमज मिटला. मावशी, खोलीत राहा हवं तितकं. झालं गेलं विसरून जाऊ."

"म्हणजे तक्रार नाही," इन्स्पेक्टर म्हणाला आणि कागद गोळा करायला लागला.

"कोण म्हणतं नाही?"

मावशीने टेबलासमोरची खुर्ची ओढली. त्या दालनात ती कधी बसली नव्हती. आता बसली, अंग सोडून, ऐसपैस.

"दागिना त्यांचा होता, त्यांना दिला. नाव माझं होतं, ते अजून मिळायचंय. मला चोर म्हणाले, चारचौघांत म्हणाले, माझी खोली उस्कटली. खोटी सही करणारे हे, आणि त्या सहीवर विसंबून मला चोर ठरवणारे ते." तिने इन्स्पेक्टरच्या पेनाकडे हनुवटीने खूण केली. "टोपण कशाला लावता? माझी तक्रार आहे. लिहा."